क्रूझवरचं ड्रिंक्स पॅकेज घ्यायचं की नाही, पूर्ण हिशोबासकट

आधी निकाल सांगते, मग कारणं. दोघांपैकी एक जण जरी दारू न पिणारा किंवा अगदी बेताने घेणारा असेल तर क्रूझवरचं मोठं, म्हणजे दारूसकटचं ड्रिंक्स पॅकेज घेऊ नका, पैसे वसूल होत नाहीत म्हणजे नाहीत. दोघंही रोजची सहा-सात ड्रिंक्स सहज घेणारे असाल आणि सफरीत सी डे, म्हणजे जहाज कुठेच थांबत नाही असे दिवस, भरपूर असतील तर बिनधास्त घ्या. आणि ज्यांना दारूशी घेणंदेणंच नाही पण कापुचिनो, ताजा ज्यूस, मॉकटेल हे लागतं त्यांच्यासाठी बऱ्याच कंपन्यांचं वेगळं छोटं पॅकेज असतं, ते मी घेतलं होतं आणि मला ते खरंच आवडलं, त्याबद्दल खाली लिहिते कारण त्याविषयी कोणी फारसं बोलत नाही.

आम्ही चौघं होतो, मी, नवरा, धाकटे दीर आणि जाऊबाई. दीर-जाऊंनी मोठं पॅकेज घेतलं, मी छोटं, नवऱ्याने काहीच नाही, तो जे घेईल त्याचे तिथल्या तिथे पैसे. जहाज एक, जेवणाचं टेबल एक, त्यामुळे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी बघायला मिळाले. जहाजाचं नाव लिहीत नाही कारण मुद्दा एका कंपनीचा नाहीये, थोड्याफार फरकाने मोठ्या कंपन्यांचे नियम सारखेच असतात.

तर हे पॅकेज म्हणजे काय, तर रोजचा एक ठरलेला आकडा भरायचा, मग बारवर केबिनचं कार्ड दाखवायचं आणि ड्रिंक घ्यायचं, प्रत्येक वेळी बिल खात्यावर चढत नाही. ऐकायला मस्त वाटतं. पण ते फक्त दोन दिवसांचं वगैरे घेता येत नाही, घ्यायचं तर पूर्ण सफरीचं. सात रात्रींची सफर असेल तर सात दिवसांचे पैसे, मग त्यातले तीन दिवस तुम्ही सकाळी आठला उतरून संध्याकाळी पाचला परत येत असाल तरी पैसे पूर्ण, आणि पहिल्या दिवशी दुपारी जहाजावर चढलात तरी तो दिवस पूर्ण धरला जातो.

भावही एकच नसतो. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या डीलक्स बेव्हरेज पॅकेजचा (हे दारूसकटचं मोठं पॅकेज) दर जहाज, तारीख आणि सफर बघून बदलत राहतो, कधी साठेक डॉलर रोज तर कधी शंभरच्या वर. आणि जो आकडा मोठ्या अक्षरात दिसतो त्यावर १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे बिलातच लावलेली टिप, वेगळी लागते, काही कंपन्यांत २० टक्के. ही ग्रॅच्युइटी सुट्या ड्रिंकवरही लागते, त्यामुळे तुलना करायची तर दोन्ही बाजूंना टिप धरूनच करायची, नाहीतर हिशोब चुकतो. बरेच जण पॅकेजचा दर टिपशिवाय आणि ड्रिंकचा दर टिपसकट धरतात आणि मग पॅकेज स्वस्त वाटायला लागतं.

आता आकडे घेऊन बसू. सोपं जावं म्हणून गोल आकडे धरते, तुमच्या सफरीचे खरे दर टाकून हेच गणित करता येईल. पॅकेज ८० डॉलर रोज, त्यावर १८ टक्के धरून ९४.४०. सात दिवसांचे झाले ६६०.८० डॉलर, एका माणसाचे. कॉकटेल १४ डॉलरचं धरलं तर टिपसकट १६.५२, वाइनचा ग्लास १३ चा म्हणजे १५.३४, बिअर ९ ची म्हणजे १०.६२, कापुचिनो ५ ची म्हणजे ५.९०, पाण्याची बाटली ४ ची म्हणजे ४.७२. नुसती कॉकटेलच घ्यायची म्हटलं तरी रोज सहा घेतली तर कुठे ९४.४० निघतात, पाचात निघत नाहीत. बिअर पिणारा असेल तर नऊ लागतात, रोज नऊ.

नवऱ्याचा दिवस बघा आता, आणि तो काही हात आखडून बसणारा माणूस नाही. सी डे असेल तर सकाळी एक कापुचिनो, पूलवर एक बिअर, दुपारी एक कॉकटेल, पाण्याची बाटली, रात्री जेवताना वाइन, शो संपल्यावर अजून एक कॉकटेल. मजेत गेलेला दिवस आहे हा, कुठे मन मारलेलं नाही. बेरीज ६९.६२. बंदराच्या दिवशी सकाळची कापुचिनो, जेवताना वाइन, झोपायच्या आधी एक कॉकटेल, ३७.७६. पहिल्या दिवशी जहाज सुटताना डेकवर एक कॉकटेल आणि रात्री वाइन, ३१.८६. तीन सी डे, तीन बंदरं आणि पहिला दिवस मिळून बरोबर ३५४ डॉलर. पॅकेज घेतलं असतं तर ६६०.८०. म्हणजे काहीही न सोडता तीनशेच्या वर डॉलर वाचले.

आणि हे एकट्याचं झालं. खरी मेख आहे एका केबिनच्या नियमात. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन्ही कंपन्यांकडे नियम असा आहे की केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या बाकी सगळ्या मोठ्यांनीही घ्यायचं (अमेरिकेतून सुटणाऱ्या सफरींत मोठा म्हणजे २१ किंवा त्याहून जास्त वर्षांचा). कारण उघड आहे, एकाने घ्यायचं आणि दोघांनी प्यायचं हे होऊ नये. कंपनीच्या बाजूने बघितलं तर चूक काही नाही त्यात, पण जोडप्याच्या बाजूने गणित पार बदलतं. जाऊबाई वर्षातनं चार-दोन वेळा वाइन घेणाऱ्या, तरी त्यांचेही ६६०.८० भरावेच लागले, दोघांचे मिळून १३२१.६०. दीर एकटे पिणारे धरले तर दोघांचे पैसे निघायला त्यांना रोज बारा कॉकटेल प्यावी लागतील. बारा! कुणी तसं प्यावं असं मला अजिबात वाटत नाही.

मग जाऊबाईंनी काय केलं, तर मॉकटेल. संध्याकाळी एक, जेवताना एक, शोच्या आधी एक. शेवटच्या सी डेला रात्री आम्ही बुफेतनं पोटभर खाऊन डेकवर बसलो होतो आणि दीर म्हणाले, "अगं घे अजून एक, पैसे भरलेत ना." त्या म्हणाल्या, "अहो पोटात जागा नाहीये." तरी घेतलं, आंब्याचं होतं, वर छत्री लावलेली, दोन घोट घेऊन ते तसंच राहिलं आणि बर्फ वितळून वरचा थर पाणी झाला. मी ते प्यायले असते पण ते चालत नाही, पॅकेजवरचं ड्रिंक दुसऱ्याला दिलेलं दिसलं तर पॅकेज रद्द करायचा अधिकार कंपनीला असतो आणि पैसेही परत मिळत नाहीत. मला या पॅकेजचं सगळ्यात खटकतं ते हेच, तहान लागली म्हणून पिणं बाजूला राहतं आणि भरलेले पैसे वसूल करायला पिणं सुरू होतं. सुट्टीवर असताना डोक्यात सतत बेरीज चालू, आज किती झाली, अजून किती राहिली.

"अनलिमिटेड" हा शब्द बघून जाणाऱ्यांनी अटी नीट वाचाव्यात. कार्निव्हलच्या चिअर्स नावाच्या दारूच्या पॅकेजमध्ये २४ तासांत १५ दारूची ड्रिंक्स ही मर्यादा आहे, आणि ते २४ तास सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६ असे मोजतात. एका वेळी एकच ड्रिंक, आणि दोन ड्रिंक्समध्ये निदान पाच मिनिटं जावी लागतात. प्रिन्सेस कंपनीच्या प्रिन्सेस प्लस पॅकेजमध्येही दिवसाला १५ ची मर्यादा आहे. शिवाय प्रत्येक ड्रिंकच्या किमतीला वरची सीमा असते, रॉयल कॅरिबियनकडे १४ डॉलर, त्याच्या वरचं काही मागवलंत तर फरकाचे पैसे तुमच्या खात्यावर. मिनीबार, रूम सर्व्हिसने मागवलेलं, वाइनची अख्खी बाटली हे सहसा पॅकेजमध्ये नसतं. कंपन्यांची खाजगी बेटं असतात तिथेही चौकशी करूनच जा, रॉयल कॅरिबियनचं पॅकेज त्यांच्या कोकोके बेटावर चालतं पण सगळ्याच कंपन्यांचं सगळीकडे चालतं असं नाही.

आता तब्येतीचं बोलते, कारण पैसे वसूल करायच्या नादात हे कुणी मोजत नाही. अमेरिकेत एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात, साधारण ३५५ मिली बिअर किंवा १४८ मिली वाइन किंवा ४४ मिली व्हिस्की-रम. रोज सहा म्हटलं तर आठवड्याची बेचाळीस ड्रिंक्स, ५८८ ग्रॅम. ब्रिटनमध्ये २०१६ पासूनचा सरकारी सल्ला असा आहे की स्त्री असो की पुरुष, आठवड्याला १४ युनिटच्या वर नियमित जाऊ नका, आणि तिथलं एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम. म्हणजे पॅकेजचे पैसे जेमतेम निघायला तुम्ही त्या सल्ल्याच्या पाचपट पिताय. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं की दारूचं अमुक एक प्रमाण सुरक्षित असं सांगता येत नाही. मी कुणाला पिऊ नका सांगायला बसले नाहीये, नवरा घेतो, मी अधूनमधून घेते, पण निव्वळ पैसे भरलेत म्हणून जास्तीचं पोटात ढकलणं हे मला पटत नाही. आणि एक महत्त्वाचं, जहाज लागू नये म्हणून लोक मेक्लिझिनसारख्या गोळ्या घेतात, त्यावर दारू घेतली की गुंगी वाढते, त्या गोळीच्या पाकिटावरच दारू टाळा असं लिहिलेलं असतं. ज्यांना जहाज लागतं त्यांनी हा विचार पॅकेज घ्यायच्या आधी करावा, कारण पहिले दोन दिवस तुम्ही नुसतं लिंबूपाणी पिऊन पडून असाल तर त्या दोन दिवसांचे पैसे गेलेच.

बिल न बघता पिता येतं, डोक्याला ताप नाही, हा पॅकेजच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा, आणि तो खोटा नाहीये. दीरांना तेच हवं होतं आणि ते त्यांना मिळालं, त्यांची ड्रिंक्स मोजली तर त्यांच्या एकट्याचं पॅकेज जवळजवळ निघालं असं मी म्हणेन, सी डेला निघायचं आणि बंदरावर कमी पडायचं. पण ही निश्चिंती दुसऱ्या मार्गानेही मिळते. बहुतेक कंपन्यांकडे ऑनबोर्ड क्रेडिट आधीच भरून ठेवता येतं. समजा दोघांसाठी पाचशे डॉलर टाकून ठेवले, ड्रिंक्सचे पैसे आपोआप त्यातनं जातात, रोज खिशाला हात नाही. स्वतः भरलेले पैसे उरले तर बहुतेक ठिकाणी परत मिळतात, पण तेवढं भरायच्या आधी विचारून घ्या कारण भेट म्हणून मिळालेलं क्रेडिट आणि स्वतः भरलेलं क्रेडिट यांचे नियम वेगळे असतात. पॅकेजचे न प्यायलेल्या ड्रिंक्सचे पैसे मात्र कधीच परत येत नाहीत.

सुट्या ड्रिंकच्या बिलाविषयी एक बारीक गोष्ट. नवरा बारवर सही करायचा ती पावती मी बघितली, पातळ कागदाची, वर ड्रिंकचं नाव आणि किंमत, त्याखाली १८ टक्के ग्रॅच्युइटी छापून आलेली, त्याखाली बेरीज, आणि त्याच्याही खाली अजून एक रिकामी ओळ, जादा टिपसाठी. घाईत असलेला माणूस ती रिकामी ओळ बघून परत १५-२० टक्के लिहितो, आम्ही शेजारच्या स्टुलावरच्या माणसाला तसं करताना बघितलं आणि नवऱ्याने त्याला वरची ओळ दाखवली तेव्हा त्याला कळलं. टिप द्यायची तर जरूर द्या, बारवरची माणसं फार कष्ट करतात, पण माहीत असून द्या. काही बंदरांत जहाज उभं असताना तिथला स्थानिक करही ड्रिंकवर लागतो, तोही पावतीवर वेगळा दिसतो, घाबरून जाऊ नका.

आता फुकट काय असतं, कारण पॅकेजचा विचार इथनं सुरू करायला हवा. मोठ्या कंपन्यांच्या तिकिटात साधं पाणी, चहा, फिल्टर कॉफी, आईस्ड टी, लेमोनेड आणि सकाळच्या नाश्त्याला ज्यूस हे बुफेत धरलेलं असतं. नळाचं पाणी प्यायचं की नाही याची खूप जणांना शंका असते. जहाजावरचं बरंचसं पाणी समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून तिथेच तयार होतं, नंतर क्लोरिन वगैरे घालून शुद्ध केलं जातं, काही बंदरातनं भरून घेतात. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांवर तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा व्हेसल सॅनिटेशन प्रोग्राम, म्हणजे जहाजांच्या स्वच्छतेचा विभाग, अचानक तपासणी करतो, १०० पैकी गुण देतो, ८६ च्या खाली आलं तर जहाज नापास, आणि हे गुण कुणालाही बघता येतात. त्या तपासणीत पिण्याचं पाणीही असतं. आम्ही सगळे दिवस बाटलीत बुफेचं पाणी भरून प्यायलो आणि काही झालं नाही, नवरा फक्त हौसेने थंडगार सीलबंद बाटली घ्यायचा. नुसत्या पाण्यासाठी पॅकेज घेणाऱ्यांनी रिकामी बाटली घरनं न्यावी, संपला प्रश्न. फुकटच्या कॉफीबद्दल मात्र खोटं बोलणार नाही, ती पातळ आणि कोमट होती, चहात घालायला दूधही छोट्या डबीतलं. चांगल्या कॉफीशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही त्यांना पैसे मोजावे लागणार.

आणि म्हणूनच ते छोटं पॅकेज. रॉयल कॅरिबियनमध्ये त्याला रिफ्रेशमेंट पॅकेज म्हणतात, बाकीच्यांचीही वेगवेगळ्या नावांनी असतात, त्यात दारू सोडून जवळजवळ सगळं, मशीनवरची कॉफी, ताजा काढलेला ज्यूस, मॉकटेल, सोडा, बाटलीबंद पाणी. तीसेक डॉलर रोज धरले तर टिपसकट ३५.४०. माझा दिवस म्हणजे एक कापुचिनो, एक संत्र्याचा ज्यूस, दोन मॉकटेल, एक पाण्याची बाटली. ज्यूस ६ चा आणि मॉकटेल ९ चं धरलं तर सुटं ३८.९४ झालं असतं. म्हणजे ओढूनताणून काही न करता निघालं, आणि बंदराच्या दिवशी मी उतरताना एक बाटली आणि परत आल्या आल्या एक ज्यूस असं करायचे तेव्हा तोही दिवस फारसा वाया गेला नाही. मुख्य म्हणजे यात केबिनमधल्या दुसऱ्याने घ्यायची सक्ती नव्हती. जाऊबाईंना खरं हेच हवं होतं पण दीरांच्या पॅकेजमुळे त्यांना निवडायलाच मिळालं नाही. आमच्या दोघांचं मिळून या गोल आकड्यांनी ६०१.८० झालं आणि त्या दोघांचं १३२१.६०, सातशेच्या वर डॉलरचा फरक, आणि टेबलावर आम्हा चौघांसमोर रोज जवळजवळ सारखेच ग्लास होते.

नुसत्या सोड्याचं पॅकेज मोठ्यांसाठी मला पटलं नाही, रोज चार तरी कोकाकोला प्यावे लागतात तेव्हा निघतं. मुलं असतील आणि तुम्ही त्यांना तेवढं पिऊ देणार असाल तर तुमची मर्जी.

अजून एक सोय लोक विसरतात. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल दोन्ही पहिल्या दिवशी चढताना प्रत्येक मोठ्या माणसाला ७५० मिलीची वाइनची एक बाटली बरोबर आणू देतात, हातातल्या बॅगेत. एका बाटलीत पाच ग्लास, दोघांचे दहा, म्हणजे सात रात्रींपैकी पाच रात्री दोघांना जेवताना एकेक ग्लास झाला. डायनिंग रूममध्ये उघडून घेतली तर कॉर्केज, म्हणजे आपली बाटली उघडून देण्याचे पैसे, लावतात, केबिनमध्ये घेतली तर नाही. व्हिस्की, रम, बिअर मात्र आणता येत नाही, सापडली तर काढून घेतात. दुपारची हॅपी अवर, दिवसाचं खास कॉकटेल, बिअरची बकेट हेही जहाजाजहाजावर असतं, रोजच्या कार्यक्रमाच्या कागदावर किंवा अ‍ॅपमध्ये बघायचं.

मग घ्यावं कुणी? अटलांटिक ओलांडणाऱ्या सफरीला घ्यावं. क्वीन मेरी २ ही बोट साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला सात रात्रीत जाते ती मध्ये कुठेही न थांबता, सगळे दिवस जहाजावरच, तिथे दोघंही पिणारे असतील तर दर बघून विचार करण्यासारखा आहे. उलट भूमध्य समुद्रातली सात रात्रींची सफर घ्या, बार्सिलोना, मार्से, जेनोआ, चिव्हितावेक्या, नेपल्स, जवळजवळ रोज एक बंदर. चिव्हितावेक्याहून रोमला जायचं म्हणजे एका बाजूचाच ट्रेनचा तासभर, सकाळी गेलात की संध्याकाळीच परत, पाय दुखत असतात, एक ग्लास वाइन घेऊन झोप लागते. तिथे दुपारी पिणार ते शहरातल्या टेबलावर, जहाजाचं पॅकेज केबिनमध्ये पडून. अशा सफरीला मोठं पॅकेज घेणं म्हणजे मला सरळसरळ पैसे पाण्यात घालणं वाटतं.

काही ठिकाणी प्रश्नच येत नाही. रीजंट, सिल्व्हरसी, सीबोर्न या कंपन्यांच्या तिकिटात ड्रिंक्स धरलेलीच असतात, तिकीटही तसं महाग. व्हर्जिन व्हॉयेजेसमध्ये सोडा, साधी कॉफी, चहा, पाणी तिकिटातच, दारूचे पैसे वेगळे. नॉर्वेजियनकडे तिकिटाबरोबर ड्रिंक्स पॅकेज "फ्री" म्हणून देण्याची पद्धत बरीच वर्षं आहे, पण त्या पॅकेजच्या छापील किमतीवरची २० टक्के ग्रॅच्युइटी तुम्हाला भरावी लागते, तेव्हा फ्री दिसलं तरी शेवटचा आकडा बघून मगच हो म्हणा. कुठल्याही कंपनीत वायफाय, टिप आणि ड्रिंक्स एकत्र विकत असतील तर तीन गोष्टींचे दर वेगळे लिहून बघा, वायफाय तुम्हाला लागणारच असेल तर एकत्र घेतलेलं कधीकधी खरंच स्वस्त पडतं, प्रिन्सेस प्लसचं बऱ्याच जणांसाठी तसं होतं. आणि रॉयल कॅरिबियनवर वारंवार जाऊन डायमंड पातळीला पोचलेल्यांना रोज चार ड्रिंक्स तशीही मिळतात, त्यांनी पॅकेज घ्यायचं कारण मला तरी दिसत नाही.

कंपन्या एवढं मागे का लागतात हेही समजून घ्या. कार्निव्हल कॉर्पोरेशनचं २०२४ चं एकूण उत्पन्न २५ अब्ज डॉलरच्या आसपास होतं आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा तिकिटाबाहेरचा, म्हणजे ड्रिंक्स, सहली, कॅसिनो, वायफाय असला. तिकीट स्वस्त दिसतं ते यामुळे. पहिल्या दिवशी चढल्या चढल्या लिफ्टपाशी, पूलपाशी, बुफेच्या दाराशी हसतमुख माणसं छोटं टेबल मांडून उभी असतात, "आजच घ्या, उद्या नाही मिळणार." तिथे कधीही घेऊ नका. घ्यायचंच ठरलं असेल तर घरी बसून, आधी, वेबसाइटवर, कारण आधीचा दर बहुतेक वेळा जहाजावरच्या दरापेक्षा कमी असतो. बुकिंग केल्यावरही अधूनमधून दर बघत राहा, उतरला तर जुनं रद्द करून नवीन घेता येतं, पैसे परत येतात, फक्त सफर सुरू व्हायच्या काही दिवस आधी ती मुदत संपते ती तारीख लिहून ठेवा.

पॅकेज असो नसो, जहाजावरच्या खात्याचं बिल रोज अ‍ॅपमध्ये किंवा केबिनमधल्या टीव्हीवर बघा. दीरांच्या खात्यावर पॅकेज असूनही दोन बिअर सुट्या लागल्या होत्या, बारवरच्या मुलाने कार्ड फिरवताना काहीतरी चुकलं असणार. ते आम्हाला शेवटच्या रात्री जेवणानंतर दिसलं, गेस्ट सर्व्हिसला तेव्हा चार माणसं होती, दहा मिनिटांत पैसे वळते करून दिले. सकाळी उतरताना तीच रांग जिन्यापर्यंत गेली होती.